काल तर चालत होतं!

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की माझ्या फोनवर एक ठरावीक वाक्य ऐकू यायला लागतं. "दादा, काल तर चालत होतं!" पोरं बदलतात, कॉलेजं बदलतात, वाक्य तेच. फायनल इयरचं प्रोजेक्ट, सबमिशनला दहा-बारा दिवस उरलेले, स्वतःच्या कोडमधली एक ओळसुद्धा कोणी बदललेली नाही, आणि स्क्रीन कोरी. मग मी विचारतो, "डेटा कुठून येतो?" पलीकडे जरा शांतता. "एपीआयमधून."

हे "एपीआयमधून" ज्या सुरात म्हटलं जातं ना, तो सूर मला फार ओळखीचा झालाय. पाणी कुठून येतं? नळातून. वीज कुठून येते? बटणातून. आता आपल्याकडे नळालासुद्धा वेळ असते, गुरुवारी पाणी बंद असतं, आणि कधी कधी जे येतं ते पाहून उकळून प्यावं लागतं, हे पुण्या-मुंबईत राहणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. पण कोड लिहायला बसलं की हीच मंडळी हे सगळं विसरतात.

माझं मत थोडक्यात सांगतो, मग त्यावर भांडायला तुम्ही मोकळे. आपण इंजिनियरिंगच्या पोरांना सॉर्टिंगचे पाच प्रकार शिकवतो, लिंक्ड लिस्ट फळ्यावर उलटी करायला लावतो, पण दुसऱ्याच्या डेटावर आपलं घर कसं उभं करायचं हे एक तासही शिकवत नाही. आणि नोकरीला लागल्यावर तो पोरगा काय करतो? सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच! पेमेंट गेटवेचं उत्तर वाच, एसएमएस पाठवणाऱ्याचं उत्तर वाच, जीएसटीचं पोर्टल काय म्हणतंय बघ, पलीकडच्या कंपनीने शुक्रवारी संध्याकाळी न सांगता एका फील्डचं नाव बदललं ते शनिवारी निस्तर. लिंक्ड लिस्ट मी नोकरीत आजवर एकदाही उलटी केलेली नाही.

यंदाचा फोन होता माझ्या मावसबहिणीच्या हॉस्टेलमधल्या रूममेटचा. मुलगी निफाड तालुक्यातली, घरी कांदा. प्रोजेक्ट अर्थातच कांद्याचं. म्हणजे आपण कुठे उभे आहोत, जवळच्या बाजार समित्या कुठल्या, तिथे आजचा भाव काय, पुढच्या दोन दिवसांत पाऊस आहे का, हे सगळं नकाशावर एका जागी. चौघांचा ग्रुप, काम करणारी ही एकटी आणि आणखी अर्धा. (प्रत्येक ग्रुपमध्ये हेच प्रमाण असतं, त्यावर एक वेगळा लेख होईल.) मला हे प्रोजेक्ट मनापासून आवडलं. फेस रेकग्निशनने हजेरी घेणारी प्रोजेक्टं बघून बघून डोळे शिणले होते.

भाव आणायचे कुठून? इथे आधी एक चांगली गोष्ट सांगतो, कारण सरकारी म्हटलं की नाक मुरडायची आपल्याला सवय आहे. २०१२ साली केंद्र सरकारने डेटा सर्वांना खुला करण्याचं धोरण आणलं आणि त्यातून डेटा डॉट गव्ह डॉट इन हे पोर्टल उभं राहिलं. देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव तिथे एपीआयने मिळतात. राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, तारीख, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर, क्विंटलमागे रुपयांत. फुकट. माझ्या कॉलेजच्या दिवसांत हे कुणी दिलं असतं तर मी पेढे वाटले असते!

आता गंमत पुढे. नमुन्यादाखल जी की तिथे दिलेली असते, तिच्यावर एका वेळी फक्त दहाच नोंदी मिळतात. तसं तिथे लिहिलेलं आहे. पण वाचतो कोण? या मंडळींनी ती की उचलली, उत्तर आलं, टेबल भरलं, टाळ्या. पहिला आठवडाभर यांच्या प्रोजेक्टमध्ये अख्ख्या महाराष्ट्रात एकूण दहा ओळींचा बाजार भरत होता आणि चौघांपैकी एकालाही ते खटकलं नाही. खटकलं ते हिला, कारण यादीत पिंपळगाव बसवंत नव्हतं. "दादा, पिंपळगावशिवाय कांदा असेल का?" मग स्वतःची की काढली, पानं उलटत सगळ्या नोंदी आणायच्या असतात हे कळलं, आणि दहाचे शेकडो झाले.

शेकडो झाल्यावर नावांचा प्रश्न आला. यादीत लासलगाव आहे, लासलगाव(निफाड) आहे आणि लासलगाव(विंचूर) पण आहे. ग्रुपमधला ठाण्याचा मुलगा म्हणाला, हा सरकारी गोंधळ आहे, कंसातलं उडवू आणि तिन्ही एकत्र करू. वरवर पाहता अगदी बरोबर. मीही कोड बघून तेच म्हणालो असतो कदाचित. पण ही म्हणाली, "अरे, विंचूर आणि निफाडचं आवार वेगळं आहे, लिलाव वेगळे होतात, भाव वेगळा निघतो. आमचे नाना कुठे ट्रॅक्टर न्यायचा ते यावरच ठरवतात." पुणे(मोशी) आणि पुणे(पिंपरी) यांचंही तसंच. आणि उलट बाजूने, जिथे खरंच एकच गाव आहे तिथे दोन नावं. औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे जिल्हे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. नावं बदलली, पण प्रत्येक डेटावाल्याने ती त्याच दिवशी बदलली असं थोडंच आहे? एकीकडे जुनं, दुसरीकडे नवं, तिसरीकडे इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. दोन ठिकाणचा डेटा नावावरून जोडायला गेलं की अर्धा मराठवाडा गळून पडतो, आणि प्रोग्रॅम एका शब्दाने तक्रार करत नाही.

ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात "डेटा क्लीनिंग" या दोन शब्दांत उरकलेली असते. काय साफ करायचं आणि काय साफ करायचं नाही हे विंचूरला जाऊन आलेल्या माणसालाच कळतं, हे त्यात नसतं.

नकाशाचं प्रकरण आणखी मजेचं. पहिला विचार गूगल मॅप्सचा, दुसरं कोणाला सुचतंय? पण तिथे बिलिंग खातं लागतं आणि खात्याला कार्ड. विद्यार्थ्याकडे कुठलं क्रेडिट कार्ड? वडिलांचं डेबिट कार्ड कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एका परदेशी कंपनीच्या खात्याला जोडायचं, हा विषय घरी काढायची तिची हिंमत झाली नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं. महिन्याचं बिल किती येऊ शकतं याचा अंदाज ज्याला नाही त्याने कार्ड जोडू नये.

इथे थोडा इतिहास सांगायचा मोह आवरत नाही. २००५ साली पॉल रेडमाकर नावाच्या एका प्रोग्रॅमरने क्रेगलिस्टवरच्या घरांच्या जाहिराती उचलून गूगलच्या नकाशावर टाचण्यांसारख्या टोचल्या. गूगलचा अधिकृत एपीआय तेव्हा आलेलाही नव्हता, तो त्याच वर्षी जूनमध्ये आला. मग मॅशअपची लाटच आली. २००७ मध्ये याहूने पाइप्स काढलं, ज्यात नुसत्या नळ्या जोडून इकडचा डेटा तिकडे नेता यायचा. तो काळ मला अजून आठवतो. असं वाटायचं की जगातला सगळा डेटा आता आपलाच, फक्त जोडायचा अवकाश! पाइप्स २०१५ मध्ये बंद झालं. गूगल मॅप्सने जुलै २०१८ मध्ये की आणि बिलिंग सक्तीचं केलं, आणि ज्यांनी ते केलं नाही त्यांच्या साइटवरचे नकाशे काळवंडून त्यांवर डेव्हलपमेंटसाठी असल्याचा शिक्का आला. फुकट सर्व्हरसाठी पोरांचा लाडका असलेला हेरोकूचा मोफत प्लॅन नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. २०२३ मध्ये ट्विटरने फुकटचा जुना एपीआय गुंडाळला, त्याच वर्षी रेडिटने इतके दर लावले की अपोलो नावाचं लोकप्रिय ॲप ३० जूनला बंद करावं लागलं. यात कंपन्यांना शिव्या घालण्यात मला रस नाही. त्यांचा सर्व्हर, त्यांची वीज. पण यूट्यूबवरचा जो धडा बघून पोरं प्रोजेक्ट करतात, तो धडा यातल्या कुठल्या तरी वर्षाच्या आधीचा असतो, आणि धड्याखाली कोणी लिहीत नाही की हा रस्ता आता बंद आहे.

शेवटी तिने ओपनस्ट्रीटमॅप घेतला. २००४ पासून स्वयंसेवकांनी उभा केलेला जगाचा नकाशा, कार्ड नको, की नको. पण मोफत म्हणजे बेवारस नव्हे. गावाच्या नावावरून अक्षांश-रेखांश देणारी त्यांची नॉमिनाटिम ही सेवा आहे, तिचा नियम स्पष्ट आहे : सेकंदाला एकापेक्षा जास्त विनंती नको. आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या कार्यकर्त्याने तीनशे बाजारांची नावं एका फटक्यात, तीही पान उघडेल त्या प्रत्येक वेळी, तिकडे पाठवली. थोड्या वेळाने दार बंद! मग "दादा, सर्व्हर डाऊन आहे." अरे, सर्व्हर डाऊन नाही, तुला बाहेर काढलंय. आणि मुळात बाजार समिती रात्रीतून उठून दुसऱ्या गावाला जात नाही. एकदा शोध, फाईलमध्ये लिहून ठेव, परत विचारू नकोस. हे सांगितल्यावर तीनशे विनंत्यांचं काम पाच-सहा मिनिटांत एकदाच झालं आणि कायमचं मिटलं. रोज बदलणारा डेटा आणि न बदलणारा डेटा यांना वेगळं वागवायचं असतं, इतकी साधी गोष्ट. पण ती सांगायला कुणी तरी लागतं.

हवामानाचं पटकन सांगून टाकतो. की घेतली, लगेच चालेना. नवी की जागी व्हायला एक-दोन तास लागू शकतात, तोवर उत्तर येतं ४०१. या दोन तासांत यांनी चार नव्या की काढल्या. मग चालू झालं तेव्हा नाशिकचं तापमान ३०३! केल्विन. बारावीत घोकलेलं असतं, पण स्क्रीनवर ओळखू येत नाही. पावसाची वेळ ग्रीनिचची, म्हणजे साडेपाच तास मागे. पहाटे येणारा पाऊस हिच्या ॲपमध्ये आदल्या रात्री पडून जायचा.

आणि कॉर्स. हा शब्द वाचून ज्यांच्या पोटात गोळा आला ते माझे जातभाई. बाकीच्यांसाठी इतकंच, की एका साइटवरच्या पानाने दुसऱ्या साइटचा डेटा वाचायला त्या दुसऱ्या साइटची परवानगी लागते, आणि ती नसेल तर ब्राउझर तो डेटा पानाच्या हाती लागू देत नाही. इंटरनेटवर यावर पहिला सल्ला काय मिळतो? ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाका आणि ही तपासणीच बंद करा. झालं, हिच्या लॅपटॉपवर सगळं छान, मैत्रिणीच्या मोबाइलवर कोरं. दुसरा सल्ला, अमुक एका मोफत प्रॉक्सीतून विनंती पाठवा. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध होता कॉर्स एनीव्हेअर, त्याचा खुला डेमो जानेवारी २०२१ अखेरपासून मर्यादित केलेला आहे. खरा उपाय कंटाळवाणा आहे. मध्ये आपला एक छोटा सर्व्हर ठेवायचा. बाहेरच्या सगळ्यांशी तो बोलेल, की त्याच्याकडे राहील (पानात लिहिलेली की म्हणजे दारावर लटकवलेली किल्ली), आलेला डेटा तो जपून ठेवेल, आणि पान फक्त त्याला विचारेल. हे केल्यावर निम्मी दुखणी एकदम जातात. पण हे धड्यात नसतं, कारण धडा वीस मिनिटांत संपवायचा असतो.

आता ज्या दिवशी फोन आला त्या दिवसाकडे येतो. तारीख होती १३ मार्च, आणि ही तारीख महत्त्वाची आहे.

भावांच्या डेटात तारीख आपल्या पद्धतीने असते, आधी दिवस मग महिना. जावास्क्रिप्टला तिरप्या रेघांची तारीख दिली की ते अमेरिकन पद्धतीने वाचतं, आधी महिना मग दिवस. त्यामुळे १ मार्च ही ३ जानेवारी झाली, २ मार्च ही ३ फेब्रुवारी, असं करत करत १२ मार्च ही ३ डिसेंबर. सगळं चूक, पण क्रम बरोबर! रोजची नोंद आदल्या दिवसाच्या पुढेच जात होती, आणि स्क्रीनवर तारीख दाखवलेलीच नव्हती, त्यामुळे सगळ्यात ताजा भाव वर येत होता. १३ मार्चला तेरावा महिना सापडेना, तारीख अवैध, तिचं रूपांतर करताना प्रोग्रॅमने हात वर केले, पान कोरं. काल तर चालत होतं! खरंच होतं हो.

मी तो फोन प्रवासात घेतला आणि "शनिवारी बसू" म्हणालो. तोवर ग्रुपने आपला तोडगा काढला. गाइड सरांनी सांगितलं होतं की डेमोत स्क्रीन कोरी दिसता कामा नये, काही तरी दिसलं पाहिजे, वाटलं तर आकडे कोडमध्येच लिहून टाका. त्यांनी त्यातल्या त्यात सभ्य मार्ग घेतला. नवीन भाव आणताना काहीही बिघडलं, तर शेवटचा साठवलेला भाव दाखवायचा. पान पुन्हा रंगीबेरंगी दिसायला लागलं. सगळे खूश. ठळक अक्षरांत "आजचा भाव", आणि खाली १२ तारखेचा आकडा. चौदाला तोच. पंधराला तोच.

त्या आठवड्यात ती घरी गेली होती. मोठ्या कौतुकाने नानांना ॲप दाखवलं. नानांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हा भाव कुठल्या दिवसाचा?"

ती म्हणाली, आजचा. नाना म्हणाले, नाही, आजचा नाही. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाजारातल्या फळ्याचा फोटो येतो, त्या फळ्यावर खडूने तारीख लिहिलेली असते. अडीच इंच खडूने जे केलं ते चार इंजिनियरांच्या वेबसाइटने केलं नव्हतं.

हा विनोद वाटत असेल तर हिशेब करू. समजा ट्रॅक्टरमध्ये २० क्विंटल कांदा आहे, आणि कालच्या-आजच्या भावात क्विंटलमागे ३०० रुपयांचा फरक पडला. कांद्यात असा फरक पडणं काही नवल नाही. म्हणजे ६,००० रुपये. शिवाय डिझेल, हमाली, तोलाई, आणि रांगेत गेलेला दिवस. जुना भाव बघून चाळीतला कांदा भरला, तर ते सहा हजार शेतकऱ्याच्या खिशातून जातात, आमच्या ट्राय-कॅचमधून नाही. कोऱ्या स्क्रीनने कोणाचं नुकसान झालं नसतं. माणूस म्हणाला असता, बंद आहे, आणि फोन करून विचारलं असतं. आत्मविश्वासाने दाखवलेला शिळा आकडा हा कोऱ्या स्क्रीनपेक्षा वाईट. एवढी एकच गोष्ट मला या लेखात ठासून सांगायची आहे.

शनिवारी बसलो. तारीख वाचायची ओळ दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. तरी वर १२ मार्चचाच भाव! कारण साठवलेल्या नोंदीत तो ३ डिसेंबर म्हणून बसलेला होता, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत त्याला मागे टाकणारं कोणी येणार नव्हतं. आधीच चुकीचं साठवलेलं सगळं पुसून पुन्हा भरायचं, तर ते भरायचं कुठून? तो एपीआय त्या-त्या दिवसाचे भाव देतो, मागचे नाही. नशीब की तिने पहिल्या दिवसापासून आलेलं मूळ उत्तर जसंच्या तसं फाईलमध्ये टाकून ठेवलं होतं. मला वाटलं कुणी शिकवलं असेल, तर म्हणाली, "हॉस्टेलचं वायफाय रात्री जातं, म्हणून काम करायला ठेवलं होतं." त्या फायलींवरून सगळं पुन्हा उभं राहिलं. तुम्ही विद्यार्थी असाल आणि लेख इथवर वाचला असेल, तर आजच हे करा. बाहेरून जे येईल ते आधी कच्चं साठवा, मग त्याची भाजी करा.

मग एक प्रश्न तिनेच काढला, आणि तो मला सगळ्यात आवडला. भाव आला नाही म्हणजे नक्की काय झालं? एक, सेवा बंद आहे. दोन, सेवा चालू आहे पण आमची विनंती चुकली. (यातला त्रास असा की कित्येक सेवा वर २०० म्हणजे सगळं ठीक असं सांगतात आणि आत चुकीचा निरोप देतात.) आणि तीन, सगळं ठीक आहे, पण आज लिलावच झाला नाही. तिसरी गोष्ट पुण्यात बसून सुचत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं तेव्हा नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद होते. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हाही लिलाव थांबले. त्या दिवशी रिकामी यादी हीच खरी बातमी होती! तिला चूक समजून जुना आकडा पुढे ढकलणारं ॲप त्या दिवशी निफाडच्या माणसाला काय सांगत बसलं असतं?

आता तुमच्यातला कोणी म्हणेल, अरे, हा सगळा कोड हल्ली एआय लिहून देतं, तू कुठल्या जमान्यात आहेस? मान्य, देतं. तारीख अमेरिकन पद्धतीने वाचणारी ती ओळसुद्धा एआयनेच दिली होती, आणि फार सुंदर कॉमेंट लिहून दिली होती. कोड लिहिणं हा प्रश्न नव्हताच कधी. विंचूरचं आवार वेगळं आहे, रिकामी यादी म्हणजे संप असू शकतो, "आजचा" हा शब्द लिहिण्याआधी तारीख बघावी लागते, हे विचारायचं कोणाला आणि विचारायचं सुचणार कसं?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. काही मित्र म्हणतात, विद्यार्थी आहेत, शिकतायत, प्रोजेक्ट कुठे खरं वापरलं जाणार आहे? मला हे अजिबात पटत नाही. प्रोजेक्ट नाही वापरलं जाणार, सवय वापरली जाते. "डेमोपुरतं काही तरी दिसू दे" हे ज्याच्या अंगात वयाच्या एकविसाव्या वर्षी भिनलं, तो पंचविसाव्या वर्षी बँकेच्या ॲपमध्ये तेच करतो. खात्यातली शिल्लक आणताना अडचण आली तर मागची दाखवायची, कोण बघतंय! असा कोड मी मोठमोठ्या पगाराच्या लोकांनी लिहिलेला बघितलाय आणि रिव्ह्यूमध्ये त्यावर भांडलोय.

आणि सर काय करणार? त्यांच्या माथी एकेका वर्षी दहा-बारा ग्रुप, शिवाय परीक्षेचं काम, शिवाय ॲक्रेडिटेशनच्या फायली. माझा राग त्या एका माणसावर नाही. राग आहे तो गुण देण्याच्या पद्धतीवर. एक्स्टर्नल येतात, चहा होतो, "अल्गोरिदम कुठला वापरला?" हा प्रश्न होतो, "यात मशीन लर्निंग कुठे आहे?" हा दुसरा. म्हणून मग पोरं तीन आठवड्यांच्या डेटावर पुढच्या वर्षीचा कांद्याचा भाव सांगणारं मॉडेल चिकटवतात. (कांद्याचा पुढचा भाव! दिल्लीतली एक अधिसूचना तो रात्रीत बदलते, कुठलं मॉडेल धरणार?) माझ्या हातात असतं तर एकच प्रश्न ठेवला असता. लॅपटॉपचं वायफाय बंद करायचं आणि म्हणायचं, आता दाखवा. स्क्रीन कोरी पडली तर हरकत नाही, का कोरी आहे हे वापरणाऱ्याला कळतं का? जुनं दाखवत असाल तर जुनं आहे असं लिहिलंय का? डेटा कोणाचा, किती वेळा मागता, त्याच्या अटी वाचल्या का, तो उद्या बंद झाला तर काय करणार? दहा मिनिटांत कळेल की कोणी विचार केलाय आणि कोणी टेबल रंगवलंय.

तिच्या ॲपमध्ये शेवटी प्रत्येक आकड्याशेजारी तारीख आली. दोन दिवसांपेक्षा जुना भाव राखाडी रंगात, आणि "लिलाव झाला नसावा" व "माहिती मिळू शकली नाही" असे दोन वेगळे निरोप. ठाण्याच्या मुलाचं म्हणणं पडलं की राखाडी रंगाने डिझाईन मेल्यासारखं दिसतं, त्यावर दोघांचं दीड दिवस भांडण चाललं. भाव सांगणारं मॉडेल सरांच्या आग्रहाखातर एका वेगळ्या टॅबमध्ये ठेवलंय. डेमोच्या दिवशी रविवारनंतरचा सोमवार होता, सकाळी दहाला नव्या नोंदी आलेल्याच नव्हत्या, त्यामुळे बराचसा नकाशा राखाडी. एक्स्टर्नलनी विचारलं, "हे बंद का दिसतंय?" आणि ती त्यावर सात-आठ मिनिटं बोलली, विंचूरपासून सुरुवात करून. मॉडेलच्या टॅबपर्यंत वेळच उरला नाही म्हणे.